सुमनबाईचे तीन माठ

सुमनबाई विंचवाला भीत नव्हती. शाळेच्या सरपणातून विंचू निघाला की ती पायातली चप्पल काढायची, एकच रट्टा घालायची, चप्पल परत पायात सरकवायची आणि खिचडी हलवायला लागायची. सरपंचाला ती भीत नव्हती आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांना तर मुळीच नाही. तिला भीती वाटायची ती पेल्यातल्या पाण्याची. एखादं पोर बोअरच्या नळाला तोंड लावून घटाघटा प्यायला लागलं की चुलीपुढं तिचा हात थांबायचा. पोर तोंड पुसून पळालं की मगच पळी पुन्हा फिरायची. चार वर्षं मी हे रोज पाहत होतो.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायचो. मुखेडपासून चौदा किलोमीटर आत, जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा. माझं गाव औसा, त्यामुळे पाण्यावाचून हाल कसे होतात ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण पाणी असून हाल होतात, हे मी या गावात पाहिलं. बोअरला भरपूर पाणी होतं. दिसायला काचेसारखं, चवीला जरा जड. गावातल्या निम्म्या लोकांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते आणि चाळिशीतली माणसं कमरेवर हात ठेवून उठत होती. पाण्यात फ्लोराईड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी शुद्ध करायचं यंत्र एकदा बसवलं होतं, ते दोन उन्हाळे चाललं आणि बंद पडलं. त्याच्या खोलीत आता कुणाची तरी शेळी बांधलेली असायची.

सुमनबाई पन्नाशीची, नवरा गेलेला, बासष्ट पोरांची खिचडी एकटी शिजवायची. पहिल्या वर्षी चार घरांनी आपल्या पोरांना घरून डबे दिले. बौद्ध बाईच्या हातचं नको म्हणून. तोंडावर कुणी बोललं नाही, पण डबे बोलत होते. पोरांनी महिनाभरात ते डबे कुत्र्याला घातले आणि ताटल्या घेऊन तिच्या रांगेत येऊन बसली. मला त्या घरांचा इतका राग आला होता, की मी त्यांच्याकडचा चहा बंद केला. सुमनबाईनं मात्र त्या पोरांना दुसऱ्यांदा वाढताना हात आखडला नाही.

तिच्या भीतीचं कारण तिच्या घरातच चालत होतं. मुलगा आनंदराज, अठ्ठावीस वर्षांचा, मुखेडला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. त्याचे पाय गुडघ्यांतून बाहेर वाकलेले होते. एस.टी.ची पायरी चढताना तो आधी दांडी धरायचा, मग एकेक पाय उचलून वर ठेवायचा. नऊ वर्षांचा असताना तिनं त्याला नांदेडला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी पाय बघायच्या आधी दात बघितले आणि विचारलं, पाणी कुठलं पिता?

"उन्हात रडाया लागला की मीच तांब्या लावायची तोंडाला," ती मला एकदा म्हणाली होती. "पाणी पाजून पाजून मीच वाकवलं बगा त्याला."

आनंदराजची मुलगी लुंबिनी साडेपाच वर्षांची होती. अंगणवाडी सुटली की ती आज्जीजवळ शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या दारात येऊन बसायची. तिचे दुधाचे दात पांढरे स्वच्छ होते आणि पाय सरळ होते. सुमनबाई दिवसातून एकदा तरी तिला उभं करायची, दोन्ही घोटे जुळवायला लावायची आणि गुडघ्यांमध्ये किती फट राहते ते बोटं घालून बघायची. दोन बोटं. पुढच्या महिन्यात पुन्हा दोन. फट वाढली म्हणजे पाय वाकायला लागले, असं ती मोजत होती.

"दुसरे दात यायच्या आत पाणी बदलाया पायजे सर," ती म्हणायची. "दात पांढरा आला की समजायचं, पोरगी वाचली."

खरी गोष्ट मला ठाऊक होती. पुढचे कायमचे दात हिरडीच्या आत फार आधी घडून बसलेले असतात. लुंबिनीनं दोन-तीन वर्षांची असताना जे पाणी प्यायलं, त्याचा रंग त्यांच्यावर केव्हाच चढून गेला असणार. हे तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. एवढ्या आशेनं बघणाऱ्या बाईला असलं काही सांगायची माझी छाती झाली नाही.

त्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी आठवीच्या मुलांना एक प्रयोग दिला. मोसंबीच्या आणि केळ्याच्या साली वाळवायच्या, झाकणाच्या डब्यात कोंडून जाळायच्या, कोळसा कुटायचा, चुन्याच्या निवळीत भिजवून पुन्हा वाळवायचा आणि त्यातून बोअरचं पाणी गाळायचं. तपासायला माझ्याकडे फ्लोराईडच्या औषधाची बाटली होती. बोअरच्या पाण्यात तिचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायचं. सालीच्या कोळशातून गाळलेल्या पाण्यात टाकले तर फिकट गुलाबी. मुलं गोंधळू नयेत म्हणून मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वर्गाकडून दहा वेळा म्हणून घेतलं: गुलाबी म्हणजे चांगलं, पिवळं म्हणजे वाईट.

आम्हाला तिसरा नंबर मिळाला. प्रशस्तिपत्र मुख्याध्यापकांच्या खोलीत लागलं आणि मी प्रयोग विसरून गेलो. आठ दिवसांनी खिचडीचं पातेलं उतरवून सुमनबाई वर्गाच्या दारात आली. इतके दिवस खिडकीतून ती सगळं बघत-ऐकत होती.

"सर, ते सालीचं खरं हाय, का परदर्शनापुरतं?"

"खरं आहे," मी म्हणालो. "पाणी तुमच्यासमोरच गुलाबी झालं की."

"मग तुमी जारचं का पिता?"

माझ्या खोलीवर मुखेडहून जीपनं पाण्याचा जार यायचा. "सवय झाली," मी म्हणालो. ती वळून पातेलं घासायला गेली.

त्यानंतर तिनं जे केलं ते प्रदर्शनापुरतं नव्हतं. मुखेडच्या आठवडी बाजारात वीरण्णा नावाचा रसवाला मोसंबीचा रस काढायचा. त्याच्या गाड्यामागं साली कुजत पडायच्या. सुमनबाईनं त्याच्याकडून पोत्यानं साली आणायला सुरुवात केली. एस.टी.त कंडक्टर नाक मुरडायचा, ती पोतं मांडीवर घेऊन बसायची. घराच्या पत्र्यावर साली वाळत पडलेल्या असायच्या. कुणी खालून विचारायचं, काय गं, पापड का कुर्डया? ती म्हणायची, आमच्या लुंबीचे पाय हायत. तेलाच्या डब्यात साली जाळून, खलबत्त्यात कुटून तिनं तीन माठांची उतरंड केली. वरच्यात पाणी, मधल्यात वाळू आणि सालीचा कोळसा, खालच्यात गाळलेलं पाणी. माठांना कुणी हात लावायचा नाही, असा तिचा घरात हुकूम होता. सून पुनमसुद्धा लांबूनच जायची.

दर आठवड्याला ती बाटलीत पाणी घेऊन माझ्याकडे यायची. मी थेंब टाकायचो आणि रंग उमटेपर्यंत ती बाटलीवरची नजर काढायची नाही. गुलाबी आलं की ती पदरानं कपाळ पुसायची. कोळसा थकला की रंग पिवळ्याकडे झुकायचा. तसं झालं की त्याच दिवशी ती नवा भरायची. हे पाणी किती दिवस चांगलं राहतं, आणखी काय काय त्यातून निघून जातं, हे मी कधी तपासलं नाही. माझं काम संपलं होतं ना, नंबर मिळाला होता.

तिला शाळेतही असाच माठ ठेवायचा होता. मुख्याध्यापक म्हणाले, वरून लेखी परवानगी आल्याशिवाय नको. मी त्यांना मनातल्या मनात नको नको ते बोललो. आज त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

श्रावणात चार दिवस झड लागली आणि ओढ्याजवळ नळाची पाईप फुटली. ओढ्याचं घाण पाणी नळाला येऊ लागलं. ग्रामपंचायतीनं टाकीत नेहमीपेक्षा जास्त ब्लिचिंग पावडर टाकली. जलसुरक्षक व्यंकटी, म्हणजे गावच्या पाण्यात पावडर टाकणारा माणूस, घरोघर फिरून पाणी तपासू लागला. त्याच्या तपासणीची बाटली वेगळी. त्यात बघायचं असतं ते एवढंच, की पाण्यात क्लोरीन आहे की नाही. असलं तर पाणी पिवळं होतं. त्याच्या बाटलीत पिवळं येणं म्हणजे जंतू मेले, पाणी प्यायला चालेल.

पुढचं मला नंतर सुमनबाईनं सांगितलं. व्यंकटीनं तिच्या दारातल्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले आणि पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

"पिवळं आलं की रं," ती म्हणाली.

"आलं ना. झकास हाय. प्या बिनघोर."

तिचा विश्वास बसला नाही. व्यंकटी सातवी नापास. आणि पिवळं म्हणजे वाईट हे साक्षात सरांनी फळ्यावर लिहिलेलं तिनं पाहिलं होतं. तिनं त्याला थांबवून घेतलं आणि माठातलं पाणी तपासायला लावलं. त्यात जराशी पिवळी झाक आली. मग तिनं मधल्या माठात दुप्पट कोळसा भरला, तेच पाणी दोनदा गाळलं आणि संध्याकाळी व्यंकटीला पुन्हा बोलावून आणलं. या वेळी पाण्यानं रंगच धरला नाही. व्यंकटी म्हणाला, काकू, हे बरं न्हाई, ह्यात औषध उरलं न्हाई. तिला ते ऐकू आलं नाही. दिवसभरात पहिल्यांदा तिला धीर आला होता. गाळून ठेवलेलं ते पाणी तिनं झाकलं आणि पुढचे तीन दिवस लुंबिनीला त्यातलंच पाजलं. थोरांना एवढं पाणी पुरणार कुठून? ते नळाचं पीत राहिले.

चौथ्या दिवशी, सातवीचा तास चालू असताना आनंदराजचा फोन आला. "सर, लुंबीला मुखेडला आणलंय. पोटात काहीच थांबंना. आईला समजवाया तुमीच या."

मी मोटारसायकल काढली. त्या चौदा किलोमीटरमध्ये काय काय डोक्यात आलं ते लिहिण्यासारखं नाही. दवाखान्यात लुंबिनी खाटेवर होती, पण ती तीच आहे हे कळायला दोनदा बघावं लागलं. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, हाताला सलाईन. जुलाब आणि उलट्या पहाटेपासून. आनंदराज भिंतीला टेकून उभा होता. सुमनबाई खाटेजवळ उभी होती आणि तिला कुणी बसायला सांगितलं तरी बसत नव्हती.

डॉक्टर तरुण होते, पण घाईत नव्हते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "सकाळपासून लघवी झालेली नाही. ती होईपर्यंत मला काही सांगता येणार नाही. तुमच्या गावात साथ आहे का?"

"नाही," मी म्हणालो. खरंच नव्हती. पाईप फुटूनही गावात दुसरं कुणी आजारी नव्हतं. पावडरीनं आपलं काम केलं होतं.

"मग हीच कशी?"

सुमनबाईनं ते ऐकलं. "आमी तर दोनदा गाळून पाजलं सायेब," ती म्हणाली.

"दोनदा का?" मी विचारलं.

तेव्हा तिनं मला व्यंकटीच्या बाटलीची सगळी हकिकत सांगितली. कोळसा फ्लोराईड ओढतो तसा क्लोरीनही ओढून घेतो. गावाच्या पाण्यातलं राखण करणारं तेवढं औषध या बाईनं कष्टानं, दोनदा गाळून, काढून टाकलं होतं. मग तीन दिवस त्या औषध नसलेल्या पाण्यात जे वाढायचं ते वाढलं. आणि हे सगळं माझ्या फळ्यावरच्या एका ओळीमुळं. मला त्या खोलीतून बाहेर पळून जावंसं वाटलं. खरं सांगतो, मी दारापर्यंत गेलोही होतो.

परत आलो. दुपारचे दोन वाजले होते. नर्स दर थोड्या वेळानं यायची, चादर वर करून बघायची आणि मान हलवायची. नाही. अजून नाही. सुमनबाई प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघायची. तिसऱ्यांदा नर्स गेल्यावर मी तिला सांगितलं. बाटल्या दोन आहेत, दोन्हींचं पिवळं वेगळं, आणि व्यंकटी खरं बोलत होता, हे सगळं सांगितलं. चूक माझी आहे असंही म्हणालो.

तिनं लुंबिनीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "तुमचं पिवळं वाईट अन् व्यंकटीचं पिवळं चांगलं. मग आमच्यासारखीनं काय बगावं सर?"

मी सलाईनकडे बघू लागलो, तशी तीच पुढं म्हणाली,

"आनंदाला मीच पाजलं. हिलाबी मीच पाजलं."

"मी शिकवलं म्हणून पाजलं तुम्ही."

"पेला माझ्या हातात होता," ती म्हणाली. एवढ्यावर तिनं तो विषय संपवला आणि लुंबिनीच्या पायावरून हात फिरवायला लागली. पाय थंड होते.

चार वाजून गेले. सलाईनची दुसरी बाटली लागली. आनंदराज बाहेर जाऊन आला, पुन्हा भिंतीला टेकला. साडेपाचच्या सुमारास लुंबिनी कण्हली आणि सुमनबाईचा हात चादरीवर थबकला. चादर ओली झाली होती. तिनं नर्सला हाक मारली ती इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या खाटेवरचे लोक उठून बसले. डॉक्टर आले, बघितलं आणि पहिल्यांदा हसले. सुमनबाई खाली फरशीवर बसली. सकाळपासून ती आत्ता कुठे बसली. मीही तिच्याशेजारी फरशीवरच बसलो.

लुंबिनी पाच दिवसांनी घरी आली. मला वाटलं, आता सुमनबाई ते माठ फोडून टाकेल. तिनं माठ उकळत्या पाण्यानं धुतले, उन्हात तापवले आणि बाजाराच्या दिवशी पुन्हा वीरण्णाकडून साली आणल्या. या वेळी मी तिच्याबरोबर बसून सगळं नव्यानं शिकलो, शिकवलं म्हणवत नाही. आधी कोळशातून गाळायचं. मग पाणी उकळायचं. निवलं की आरोग्य खात्याच्या आशाताई देतात त्या क्लोरीनच्या औषधाचे थेंब टाकायचे, अर्धा तास झाकून ठेवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. कोळसा दर पंधरा दिवसांनी बदलायचा. दोन बाटल्या मी तिला दिल्या. माझ्या बाटलीला तिनं काळा दोरा बांधला, व्यंकटीच्या बाटलीला पांढरा. व्यंकटीला घरी बोलावून चहा पाजला आणि म्हणाली, "तुजं ऐकाया पायजे होतं रं." तो लाजून लाल झाला.

मी जार बंद केला. माझ्या खोलीतही आता तसलेच तीन माठ आहेत. यात माझा मोठेपणा नाही. तुमी जारचं का पिता, हा तिचा प्रश्न मला झोपेतही ऐकू यायचा.

पण सुमनबाई बदलली. पूर्वी तिला एका गोष्टीची भीती होती, आता दोन्हीकडून भीती. गाळलं नाही तर पाय वाकतील, गाळलं तर पोर हातची जाईल. औषधाचे थेंब मोजताना ती ओठ हलवायची, मध्येच चुकल्यासारखं वाटलं की पाणी झाडाला ओतून नव्यानं सुरू करायची. लुंबिनीला पेला देताना आधी स्वतः प्यायची आणि थोडा वेळ थांबायची, जणू तेवढ्यात काही कळणार होतं.

मार्गशीर्षात लुंबिनीचा खालचा पुढचा दात पडला. सुमनबाईनं तो पत्र्यावर फेकला आणि वाट बघायला लागली. महिन्याभरानं, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, ती पोरीला घेऊन माझ्याकडे आली. पोरीची हनुवटी तिनं एका हातानं धरली होती आणि स्वतः तोंड फिरवून फाटकाकडे बघत होती.

"सर, आलाय वर. तुमीच बगा. रंगाचं मला काय कळत न्हाई."

मी खाली बसलो. लुंबिनीनं आ केला. हिरडीतून तांदळाच्या कणीएवढी धार वर आली होती. तिच्यावर खडूनं ओढल्यासारख्या दोन आडव्या रेघा होत्या आणि कडेला जरासा तपकिरी डाग होता.

"सांगा की," सुमनबाई म्हणाली. तिचा हात हनुवटीवर घट्ट झाला होता.

पांढरा आहे असं म्हणायला किती सोपं होतं. मी एकदा फळ्यावर सोपं करून लिहिलं होतं, त्याची आठवण झाली. "डाग आहे," मी म्हणालो. "पण हा तुमच्या माठातल्या पाण्याचा नाही. हा दात हिरडीच्या आत तेव्हाच घडला होता, ती दोन-तीन वर्षांची असताना. मला हे आधीपासून ठाऊक होतं, सुमनबाई. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

ती रागवेल असं वाटलं होतं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं हनुवटी सोडली.

"म्हंजे माठ नव्हते तवाच लागलं होतं."

"हो."

"अन् पाय?"

"पाय अजून घडायचेत. ती वाढतेय तोवर घडत राहणार. तिथं तुमच्या पाण्याचा उपयोग आहे."

"नक्की?"

मी हो म्हणणार होतो. "बघत राहायला लागेल," मी म्हणालो.

तिनं लुंबिनीचं दप्तर माझ्या हातात दिलं. तिला पायरीवर उभं केलं, घोटे जुळवायला लावले आणि खाली वाकून गुडघ्यांमध्ये बोटं घातली. दोन गेली. तिसरं तिनं घालून बघितलं, काढलं, पुन्हा घातलं आणि माझ्याकडे न बघता उठली.

"लुंबे, फाटकापतुर जाऊन ये. पळू नको, चाल."

लुंबिनी नव्या दाताला जीभ लावत चालत निघाली, आणि आम्ही दोघं पायरीवर उभे राहून तिचे गुडघे बघत राहिलो.